गाडी कोण चालवत होतं? ‘मिसिसिपी बर्निंग’ वर्गात शिकवण्याचं एक प्रकरण

२१ जून १९६४, रविवार. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या नेशोबा काउंटीत फिलाडेल्फिया नावाचं एक छोटं गाव आहे. त्या गावाजवळ दुपारी डेप्युटी शेरीफ सेसिल प्राइसने एक स्टेशन वॅगन अडवली. आत तिघे तरुण होते. जेम्स चेनी, वय २१, जवळच्या मेरिडियनचा, नागरी हक्कांच्या चळवळीतला कृष्णवर्णीय कार्यकर्ता. मायकेल श्वर्नर, वय २४, आणि अँड्र्यू गुडमन, वय २०, हे दोघे न्यूयॉर्कचे ज्यू. प्राइसने वेगमर्यादा मोडल्याचा गुन्हा चेनीवर लावला आणि बाकीच्या दोघांना चौकशीच्या नावाखाली डांबलं. रात्री साडेदहाच्या सुमारास वीस डॉलर दंड भरून घेऊन तिघांना सोडलं आणि मग कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेच्या माणसांसोबत पाठलाग करून पुन्हा धरलं. तिघांनाही गोळ्या घालून ठार केलं आणि प्रेतं एका शेतातल्या मातीच्या बांधात पुरली. ती सापडली ४ ऑगस्टला, ४४ दिवसांनी.

चोवीस वर्षांनी, १९८८ मध्ये, अ‍ॅलन पार्कर यांचा ‘मिसिसिपी बर्निंग’ हा चित्रपट आला. पहिल्या काही मिनिटांतच ही गाडी अंधाऱ्या रस्त्यावर दिसते. चित्रपटात ती चालवतोय दाढीवाला गोरा तरुण, आणि कृष्णवर्णीय मुलगा मागे बसलाय. तिघांपैकी एकालाही नाव दिलेलं नाही. श्रेयनामावलीत मागच्या मुलाची ओळख नुसती ‘कृष्णवर्णीय प्रवासी’ अशी येते. प्रत्यक्षात वेगाचा गुन्हा चेनीवर होता, आणि असा गुन्हा चालवणाऱ्यावरच लागतो. त्या दिवशीची पोलिसांची कारवाई एवढीच समोर ठेवली, तरी स्टिअरिंगवर कोण होतं ते नववीतलं मूलही सांगेल. तो चेनीचाच मुलूख होता. गुडमन तर आदल्या दिवशीच राज्यात पोचला होता.

वंशभेदावरचा सदोष चित्रपट दाखवून मुलांना चिकित्सेची सवय लावता येते का, या प्रश्नाचं इतकं भरीव प्रकरण मला दुसरं माहीत नाही. या चित्रपटातल्या चुका कागदपत्रांवर घासून पाहता येतात. त्यामागचा हेतू वाईट नव्हता, त्यामुळे शिवी देऊन मोकळं होता येत नाही. आणि याच चित्रपटाने एका माणसाला इतकं अस्वस्थ केलं, की त्याने पुढची कित्येक वर्षं जुन्या खुन्यांना कोर्टात उभं करण्यात घालवली.

पडद्यावरची गोष्ट

एफबीआयचे दोन अधिकारी जेसप नावाच्या काल्पनिक काउंटीत येतात. वॉर्ड (विलेम डॅफो) हा उत्तरेकडचा, नियमाला धरून चालणारा. अँडरसन (जीन हॅकमन) हा पूर्वी मिसिसिपीतच शेरीफ राहिलेला, माणसांच्या नाड्या ओळखणारा. गोरे गावकरी तोंड उघडत नाहीत आणि कृष्णवर्णीय भीतीने बोलत नाहीत. घरं आणि चर्च जळत राहतात. शेवटी डेप्युटीची बायको अँडरसनवरच्या विश्वासापोटी प्रेतं कुठे आहेत ते सांगते आणि त्यापायी नवऱ्याचा अमानुष मार खाते. मग वॉर्डही नियम बाजूला ठेवतो. धाक, फसवणूक आणि अपहरण यांच्या जोरावर एफबीआय क्लॅनला फोडते. चित्रपटाला सात ऑस्कर नामांकनं होती आणि छायाचित्रणाचं पारितोषिक मिळालं.

चित्रपट उत्तम बनवलेला आहे. रात्री अंगणात गाड्यांचे दिवे शिरले की घरातल्या माणसांचं काय होतं, हे तो अंगावर काटा येईल असं दाखवतो. शेरीफची कचेरी आणि क्लॅन यांची मिलीभगत होती, हेही त्याने खरंच सांगितलं आहे. शिक्षकाने हे आधी मान्य करावं. फसलेल्या चित्रपटाची टिंगल करून मुलांच्या हाती काही लागत नाही. ज्याने आपल्याला हलवलं त्याच्याकडेच पुन्हा नजर वळवणं, हे खरं कठीण काम.

चित्रपट आला तेव्हाच त्याच्यावर तुटून टीका झाली. आपले प्राण पणाला लावणाऱ्या हजारो कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष-मुलांच्या गोष्टी सांगायला हॉलिवूडला धैर्य कधी येणार, असं मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी विचारलं. चळवळीतले जुने कार्यकर्ते ज्युलियन बाँड यांचं म्हणणं होतं की या चित्रपटामुळे लोकांचा त्या काळाबद्दल चुकीचा समज होईल, कारण एफबीआयची माणसं आमचे फोन चोरून ऐकण्यात गुंतलेली होती. पार्कर यांनी बचाव केला तो असा: दोन्ही नायक गोरे असणं भाग होतं, त्यात चित्रपटउद्योगाइतकंच समाजाचंही प्रतिबिंब आहे, आणि त्या घडीला हा चित्रपट दुसऱ्या कोणत्याही रीतीने बनलाच नसता. हा बचाव वर्गात जरूर वाचून दाखवावा. तो प्रामाणिक आहे. आणि प्रामाणिक असूनही तो पुरेसा आहे का, हा प्रश्न सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना चांगलाच भिडतो.

नोंदींतली गोष्ट

तिघे ठरलेल्या वेळी परतले नाहीत, हे सर्वांत आधी कळलं ते मेरिडियनच्या कचेरीतल्या कार्यकर्त्यांना. बाहेर गेलेल्या माणसाने ठरल्या वेळी निरोप द्यायचा, हा चळवळीचा नियम होता. निरोप आला नाही तेव्हा त्यांनी आसपासच्या तुरुंगांना फोन लावायला सुरुवात केली, मग एफबीआयला आणि वॉशिंग्टनमध्ये न्याय खात्याला. एफबीआय तपासाला लागली ती दुसऱ्या दिवशी, वरून आदेश आल्यावर. चित्रपटात हे फोन नाहीत. तिथे गोष्ट सुरू होते ती दोन अधिकारी मोटारीतून काउंटीत शिरतात तिथून, जणू त्यांच्या आधी कुणालाच काळजी वाटली नव्हती.

संचालक एडगर हूव्हर यांची एफबीआय तेव्हा नेमकी काय करत होती, हेही मुलांनी शोधावं. ऑक्टोबर १९६३ पासून मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन चोरून ऐकायला परवानगी मिळालेली होती. नोव्हेंबर १९६४ मध्ये, म्हणजे हे खून झाल्यावर सुमारे पाच महिन्यांनी, एफबीआयमधून किंग यांना एक निनावी धमकीपत्र गेलं. मिसिसिपीच्या राजधानीत, जॅक्सनमध्ये, एफबीआयची मोठी कचेरी उघडली ती १० जुलै १९६४ ला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या दबावानंतर. एफबीआयने काहीच केलं नाही, असा याचा अर्थ नाही. प्रेतं तिनेच शोधली आणि कटातल्या दोघांकडून कबुलीजबाबही तिनेच मिळवले. पण प्रेतांचा ठावठिकाणा लागला तो गुप्त खबऱ्याकडून. डेप्युटीच्या बायकोने हृदय मोकळं केलं, असं काही घडलं नव्हतं.

एका प्रसंगावर मी जास्त वेळ घेईन. चित्रपटात एक कृष्णवर्णीय एफबीआय अधिकारी येतो, गावच्या महापौराला खुर्चीला बांधून ब्लेड दाखवतो आणि त्याच्याकडून नावं काढून घेतो. प्रेक्षकाला बरं वाटतं, कारण इतका वेळ फक्त मार खाणाऱ्यांच्या बाजूने अखेर कुणीतरी हात उगारतो. पण १९६४ मध्ये एफबीआयमध्ये कृष्णवर्णीय अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मिसिसिपीत असं काही करणारा अधिकारी नव्हता. म्हणजे संपूर्ण चित्रपटात कृष्णवर्णीय माणसाला खरी ताकद मिळते ती एका काल्पनिक, बेकायदा, क्रूर प्रसंगात. त्याच उन्हाळ्यात मतदार नोंदणीसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या खऱ्या माणसांची ताकद मात्र चित्रपटाच्या चौकटीबाहेर राहिली. याला नुसती तपशिलाची चूक म्हणता येणार नाही. धैर्य कशाला म्हणायचं, याचीच इथे अदलाबदल झाली आहे.

आणखी दोन नावं मुलांना कळली पाहिजेत: चार्ल्स मूर आणि हेन्री डी. दोघेही १९ वर्षांचे, कृष्णवर्णीय. मे १९६४ च्या सुरुवातीला क्लॅनने त्यांना पळवलं, मारलं आणि मिसिसिपी नदीत बुडवलं. त्यांच्या देहांचे अवशेष जुलैत सापडले, ते चेनी, श्वर्नर आणि गुडमन यांच्यासाठी देशभर गाजत असलेल्या शोधाच्या दिवसांत. हे ते तिघे नव्हेत असं कळल्यावर देशाचं लक्ष उडालं. श्वर्नरची पत्नी रीटा तेव्हाच पत्रकारांना स्पष्ट म्हणाली होती की एकटा चेनी बेपत्ता झाला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. मूर आणि डी यांच्या प्रकरणात एकाला शिक्षा व्हायला २००७ उजाडलं.

जी शाळा झालीच नाही

ते तिघे त्या रविवारी त्या रस्त्यावर गेले कशाला होते? चित्रपट पाहून बाहेर आलेल्या माणसाला हे विचारावं. उत्तर येतं, मतदार नोंदणीच्या कामाला, किंवा नुसतं ‘चळवळीच्या कामाला’. खरं उत्तर याहून नेमकं आहे. लाँगडेल नावाच्या वस्तीत माउंट झायन हे कृष्णवर्णीयांचं चर्च होतं. मे महिन्याच्या अखेरीस श्वर्नर आणि चेनी तिथे गेले होते आणि चर्चच्या इमारतीत ‘फ्रीडम स्कूल’ भरवू द्या, अशी विनंती त्यांनी केली होती. १६ जूनच्या रात्री क्लॅनच्या टोळीने सभेहून निघालेल्या माणसांना झोडपलं आणि चर्च पेटवून दिलं. श्वर्नर आणि चेनी तेव्हा ओहायोत स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला गेलेले होते. बातमी कळल्यावर ते परतले, आणि २१ तारखेला जळालेली जागा पाहून मार खाल्लेल्या लोकांना भेटायला गेले. परतीच्या वाटेवर प्राइसने त्यांना अडवलं.

जिथे शाळा भरायची होती ती जागा आधी जाळली गेली, आणि तिची विचारपूस करायला गेलेली माणसं नंतर मारली गेली. चित्रपटाच्या नावातच जळणं आहे आणि पडद्यावर चर्चमागून चर्च पेटतं, पण त्यांतल्या एकात शाळा भरणार होती हे कुठेच येत नाही.

या शाळा म्हणजे काय होतं, ते थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या विषयाचं मर्म इथेच आहे. त्या उन्हाळ्यात चळवळीतल्या संघटनांनी एकत्र येऊन मिसिसिपीत ‘फ्रीडम समर’ ही मोहीम चालवली. सुमारे हजार स्वयंसेवक आले, बहुतेक उत्तरेकडचे गोरे विद्यार्थी. राज्यातल्या मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी सात टक्क्यांहूनही कमी लोकांची नावं तेव्हा मतदारयादीत होती. चार्ल्स कॉब या तरुण कार्यकर्त्याने १९६३ च्या अखेरीस फ्रीडम स्कूलची कल्पना मांडली होती. त्याचं निरीक्षण असं, की मिसिसिपीच्या सरकारी शाळा कृष्णवर्णीय मुलांना प्रश्न विचारूच देत नाहीत. उन्हाळ्यात चाळीसहून अधिक फ्रीडम स्कूल भरल्या, चर्चच्या तळघरांत, ओसरीवर, झाडाखाली. मुलं आपल्या गावाचा इतिहास लिहीत, कविता करत, स्वतःची वर्तमानपत्रं काढत. अभ्यासक्रमात काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे असत: बहुसंख्य गोऱ्यांच्या संस्कृतीतलं आपल्याला हवं असं काय आहे? आपल्याला नको असं काय आहे? आणि आपल्याजवळचं जपून ठेवावं असं काय आहे?

चिकित्सक विचार शिकवण्याची याहून चांगली प्रश्नावली मी पाहिलेली नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात या शाळांतल्या मुलांनी मेरिडियनमध्ये अधिवेशन भरवलं आणि घरं, शाळा, नोकऱ्या, मतदान यांवर ठराव केले. त्याच दिवसांत, त्याच गावात, ७ ऑगस्टला चेनीची शोकसभा झाली. तिथे डेव्ह डेनिस या कार्यकर्त्याने ठरलेलं सौम्य भाषण बाजूला ठेवलं आणि समोरच्या लोकांना सांगितलं की गोऱ्यांनी मारलेल्या काळ्या माणसांच्या अंत्ययात्रांना जाऊन जाऊन मी कंटाळलो आहे. आता तुम्ही घरी जाऊन गप्प बसलात तर तुमचीही गय नाही. चित्रपटात या भाषणाचं एक रूप आहे आणि ते जबरदस्त झालं आहे. पण बोलणाऱ्याला पडद्यावर नाव नाही. त्याच्यापाशी संघटना आहे, योजना आहे, उद्याचं काम आहे, असंही कळत नाही. भाषण संपतं आणि गोष्ट पुन्हा दोन अधिकाऱ्यांकडे वळते.

वर्गात हे करताना

आधी एक अभ्यास. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अँड्र्यू बटलर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना इतिहासाचा अचूक मजकूर वाचायला दिला आणि त्याच विषयावरच्या चित्रपटांतले तुकडे दाखवले. चित्रपट मजकुराशी जुळत असेल तर मुलांना माहिती जास्त चांगली लक्षात राहिली. चित्रपट मजकुराच्या उलट असेल तेव्हा मात्र जवळपास निम्म्या वेळा मुलांनी चित्रपटातली चुकीची गोष्टच उत्तर म्हणून लिहिली, खरं नुकतंच वाचलेलं असूनही. ‘चित्रपटात चुका असतात, सावध राहा’ अशी मोघम सूचना दिल्याने फरक पडला नाही. अमुक ठिकाणी अमुक चूक आहे, असं नेमकं सांगितलं तेव्हा ती चूक बरीच टळली.

म्हणून अख्खा चित्रपट दाखवून मग ‘काय चुकलं सांगा’ म्हणणं धोक्याचं आहे. दोन तास त्या प्रतिमा मनात मुरलेल्या असतात. कागद आधी हातात द्यावा. २१ जूनचा घटनाक्रम एका पानात, तुरुंगातून सुटेपर्यंतचा, कुणावर कोणता गुन्हा यासह. मग पहिला प्रसंग दाखवावा आणि तिथेच थांबवून विचारावं की कागद आणि पडदा कुठे वेगळे झाले. गाडी चालवणाऱ्याचा बदल मुलांनी स्वतः पकडला, की पुढच्या दोन तासांची नजरच बदलते. लगेच दुसरा प्रश्न येतो: एवढा बदल केला कशासाठी? कुणी म्हणेल सहज, कुणी म्हणेल नटाच्या सोयीसाठी, कुणी म्हणेल प्रेक्षक गोऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो म्हणून. शिक्षकाने इथे उत्तर देऊ नये. हेतू सिद्ध करता येत नाही, परिणाम मात्र दाखवता येतो, हा फरक मुलांना इथे कळतो आणि पुढे आयुष्यभर उपयोगी पडतो.

त्यानंतरचा माझा आवडता भाग म्हणजे क्रियापदांची यादी. निवडक प्रसंग पाहताना मुलांनी दोन रकाने करायचे: गोरी पात्रं काय करतात, कृष्णवर्णीय पात्रं काय करतात. पहिल्या रकान्यात येतं: शोधतात, ठरवतात, भांडतात, खोटं बोलतात, पश्चात्ताप करतात, बदलतात. दुसऱ्यात: प्रार्थना करतात, गातात, पळतात, मार खातात, रडतात. मग माउंट झायनची नोंद, मेरिडियनच्या कचेरीतले फोन आणि फ्रीडम स्कूलचे ठराव वाचून दुसरा रकाना पुन्हा लिहायचा. नोंदवतात, चौकशी करतात, शिकवतात, ठराव मांडतात, मतदारयादीत नाव घालायला जातात. दोन याद्या शेजारी ठेवल्या की निष्कर्षासाठी व्याख्यान द्यावं लागत नाही.

खाणावळीच्या प्रसंगासाठी वेगळा वेळ ठेवावा. वॉर्ड गोऱ्यांच्या भागात न बसता कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या भागात एका तरुणाशेजारी जाऊन बसतो आणि त्याला प्रश्न विचारतो. तरुण मान वर करत नाही. पुढे त्याच तरुणाला धरून मारहाण होते. इथे चित्रपट स्वतःच एक अवघड गोष्ट सांगतोय: बाहेरच्या सज्जनाच्या तत्त्वनिष्ठेची किंमत दुसराच कुणी मोजतो. सदोष चित्रपटातही असे शहाणे क्षण असतात. ते मुलांनी ओळखले नाहीत, तर त्यांच्या हाती फक्त दोष काढण्याची खोड लागेल, आणि चुका मोजून स्वतःला हुशार समजणारा वर्ग काहीही शिकलेला नसतो.

काही गोष्टी टाळाव्यात. अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’ दर्जा आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबतच पाहावा असा. हिंसा आणि वांशिक शिव्या भरपूर आहेत. अकरावीच्या खाली तो दाखवू नये, आणि अकरावी-बारावीलाही निवडक प्रसंगच दाखवावेत. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं असतील, तर त्यांना ‘तुला काय वाटतं?’ असं भर वर्गात विचारून साऱ्या समाजाचं प्रवक्तेपण त्यांच्या गळ्यात मारू नये. आणि सुरुवातीचं पिण्याच्या पाण्याचे दोन नळ दाखवणारं दृश्य पाहून ‘किती वाईट दिवस होते ते’ असं म्हणत वर्ग सुटणार असेल, तर तो तास फुकट गेला समजावा.

‘बर्थ ऑफ अ नेशन’ या १९१५ च्या चित्रपटाबाबत असा तास घेता येत नाही, असं मला वाटतं. त्याने क्लॅनला तारणहार दाखवलं आणि त्याच वर्षी क्लॅन नव्याने उभी राहिली. तिथे विरोधक समोर उघडा उभा आहे. चांगल्या हेतूने बनलेल्या, आपल्या बाजूच्या वाटणाऱ्या चित्रपटात आंधळा कोपरा शोधणं फार जास्त कष्टाचं आहे.

एक प्रेक्षक

जानेवारी १९८९ मध्ये जॅक्सनच्या ‘क्लॅरियन-लेजर’ दैनिकातला एक तरुण कोर्ट-वार्ताहर, जेरी मिचेल, या चित्रपटाच्या पत्रकारांसाठीच्या खेळाला गेला. त्याच्यासोबत या प्रकरणाच्या तपासात असलेले एफबीआयचे दोन निवृत्त अधिकारी होते. चित्रपट संपल्यावर त्याने त्यांना खोदून विचारलं, आणि त्याला कळलं की वीसहून अधिक क्लॅनवाल्यांचा हात असूनही राज्य सरकारने खुनाचा खटला कुणावरही भरला नव्हता. खून हा राज्याच्या कायद्याखालचा गुन्हा, आणि मिसिसिपीने हात वर केले होते. म्हणून केंद्र सरकारने नागरी हक्क हिरावण्याचा कट एवढाच आरोप ठेवला. १९६७ च्या त्या खटल्यात पूर्ण गोऱ्या ज्यूरीसमोर १८ पैकी सात जण दोषी ठरले, डेप्युटी प्राइस त्यांपैकी एक. जास्तीत जास्त शिक्षा दहा वर्षं, आणि प्रत्यक्षात सहा वर्षांहून जास्त कुणीच भोगली नाही. एडगर रे किलन या लाकूड गिरणीवाल्या धर्मोपदेशकावर ज्यूरी ११ विरुद्ध १ अशी अडली. त्या एका ज्यूरी सदस्येचं म्हणणं होतं की मी धर्मोपदेशकाला दोषी ठरवू शकत नाही.

मिचेलने चित्रपट खरा मानला नाही, आणि खोटा म्हणून सोडूनही दिला नाही. तो मागे लागला. त्याच्या बातम्यांमुळे मिसिसिपीतले नागरी हक्क चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांचा मारेकरी १९९४ मध्ये दोषी ठरला. डिसेंबर १९९८ मध्ये त्याने क्लॅनचा म्होरक्या सॅम बॉवर्स याची सीलबंद मुलाखत उजेडात आणली. त्यात बॉवर्सने कबूल केलं होतं की मुख्य सूत्रधार मोकळा सुटला. त्यानंतर राज्याने प्रकरण पुन्हा उघडलं. इलिनॉयमधल्या एका माध्यमिक शाळेच्या तीन विद्यार्थिनींनी आपल्या शिक्षकांसोबत राष्ट्रीय इतिहास स्पर्धेसाठी या प्रकरणावर माहितीपट केला आणि त्यासाठी थेट किलनशी बोलल्या. फिलाडेल्फिया गावातल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय नागरिकांनी २००४ मध्ये एकत्र येऊन न्यायाची मागणी केली. २१ जून २००५ ला, खुनांना बरोबर ४१ वर्षं झाली त्या दिवशी, ८० वर्षांच्या किलनला नऊ गोऱ्या आणि तीन कृष्णवर्णीय ज्यूरी सदस्यांनी सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं. त्याला ६० वर्षांची शिक्षा झाली. तो २०१८ मध्ये तुरुंगात वारला.

हे सारं चित्रपटामुळे झालं, असं वर्गात सांगू नये. चेनीच्या आईने आणि भावाने, चळवळीतल्या माणसांनी ही मागणी कधीच सोडलेली नव्हती. चित्रपटाने एका माणसाच्या मनात प्रश्न पेरला. उत्तर त्याने चित्रपटाबाहेर, कागदपत्रांत आणि माणसांत शोधलं.

मराठी वर्गापुरतं

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्या सदाचारी लोकांना, आणि १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्यामुळे मिसिसिपीचा इतिहास आपल्याला परका नाही. ‘आर्टिकल १५’ या २०१९ च्या हिंदी चित्रपटात बाहेरून आलेला ब्राह्मण पोलीस अधिकारी दलित मुलींच्या प्रकरणाचा छडा लावतो. त्याच्यावर क्रियापदांची यादी करायला मुलं आपण होऊन धजतात, आणि त्यांनी तसं करावंच. पण मिसिसिपीचं काम अर्धवट टाकून लगेच जातीकडे उडी मारू नये. दुसऱ्याच्या इतिहासाला फक्त आपल्या उदाहरणासाठी वापरणं, हे चेनीला मागच्या सीटवर बसवण्याहून फार वेगळं नाही.

शेवटचं काम लेखी. चित्रपटाच्या अखेरीस एकेका काल्पनिक आरोपीच्या चेहऱ्यावर त्याला झालेली शिक्षा अक्षरांत उमटते. मुलांनी त्या पाट्या खऱ्या नावांनी आणि खऱ्या वर्षांनी पुन्हा लिहायच्या, पण प्रत्येक पाटी मूळ पाटीएवढीच छोटी हवी. मूर आणि डी यांना कुठे जागा द्यायची, १९६७ आणि २००५ एकाच पाटीत बसवायचे की दोन करायच्या, माउंट झायनचं नाव घालायचं का, हे गटागटाने ठरवायचं आणि आपल्या निवडीचं कारण सांगायचं. शेवटच्या पाटीसाठी माहिती एवढी: २० जून २०१६ ला मिसिसिपीच्या महाधिवक्त्यांनी चौकशी संपल्याचं जाहीर केलं. तोवर या तिघांच्या मृत्यूबद्दल राज्याच्या कोर्टात दोषी ठरलेला माणूस एकच होता, एडगर रे किलन, आणि तोही खुनाबद्दल नव्हे.